बावीस हजारांच्या आत टीव्ही : सांगलीतील एका खरेदीचा अनुभव

आमच्या घरातील जुना ३२ इंची टीव्ही ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बंद पडला आणि नवा टीव्ही भिंतीवर लागायला १ ऑक्टोबर उजाडला. या मधल्या काळात दुकाने, हिशेब, कागदपत्रे आणि वाट पाहणे यांतून जे समजले ते येथे क्रमाने लिहीत आहे. ज्यांच्या हाताशी ठरावीकच रक्कम आहे आणि ज्यांना दुकानातील झगमगाटात काय पाहावे हे सुचत नाही, त्यांना याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचे काम करते. घरी सासूबाई, यजमान आणि आठवीत शिकणारा मुलगा आहे. टीव्हीपुढे सर्वांत जास्त वेळ सासूबाई असतात, आणि त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. ही गोष्ट पुढच्या प्रत्येक निर्णयात महत्त्वाची ठरली.

नवा टीव्ही घेण्याआधी जुन्याची नीट तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या टीव्हीचा आवाज येत होता, पण पडदा काळा होता. अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरून पाहावा. अंधूक चित्र हलताना दिसले तर पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, चालू असून त्याला मागून उजेड देणाऱ्या एलईडी पट्ट्या गेल्या आहेत असा अंदाज बांधता येतो, आणि त्या पट्ट्या तुलनेने कमी खर्चात बदलून मिळतात. आम्हालाही तसे चित्र दिसले, म्हणून मोठ्या आशेने मेकॅनिकला बोलावले. त्याने तपासणीपुरत्या स्वतःजवळच्या पट्ट्या जोडल्या, तेव्हा उजेड आला, पण निम्म्या पडद्यावर उभ्या रेषाही दिसू लागल्या. “वहिनी, पॅनेलच गेलंय. ते बदलण्यात पैसे घालू नका, त्यात थोडी भर घालून नवा येईल,” असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याने तपासणीचे २०० रुपये घेतले. दुरुस्तीचे मोठे बिल करण्याची संधी असताना त्याने दिलेला हा सल्ला मला मोलाचा वाटला.

आमच्या गल्लीतील भिशीचा माझा नंबर ऑगस्टमध्ये लागणार होता. तिचे १५,००० आणि वर्षभर बाजूला ठेवलेले ७,००० मिळून २२,००० रुपये होत होते. या रकमेत केवळ टीव्ही नव्हे, तर टीव्ही भिंतीवर लागून चित्र दिसेपर्यंतचा सगळा खर्च बसवायचा, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले. कारण दुकानाच्या पाटीवर लिहिलेली किंमत ही शेवटची किंमत नसते. भिंतीवरचा ब्रॅकेट, विजेच्या झटक्यापासून वाचवणारा स्पाइक गार्ड आणि जुना सेट टॉप बॉक्स चालणार नसेल तर नवा, यांची चौकशी मी टीव्ही पाहण्याआधीच केली आणि वहीत दीड-दोन हजार रुपये वेगळे मांडले. त्यामुळे प्रत्यक्ष टीव्हीसाठी साधारण साडेवीस हजार रुपये उरले.

त्यानंतर खोलीचे माप घेतले. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीपासून बसण्याची जागा आठ फुटांवर आहे आणि सासूबाईंचा दिवाण एका बाजूला आहे, म्हणजे त्या पडद्याकडे नेहमी तिरक्या कोनातून पाहतात. दुकानात सर्वांत जास्त भर ‘फोर के’ या शब्दावर असतो, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहिला. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात आणि फोर केवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे चौपट. पण ४३ इंची फुल एचडी पडद्यावरील एक ठिपका सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असतो. निरोगी डोळ्यालाही असे दोन शेजारचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपर्यंतच वेगळे दिसू शकतात. आठ फुटांवरून पाहणाऱ्या आमच्या घराला त्याहून बारीक ठिपक्यांचा फारसा लाभ नव्हता. याउलट पडदा मोठा असला की अक्षरे मोठी दिसतात, आणि सासूबाईंना त्याचीच गरज होती. म्हणून आकार ४३ इंच, फोर के असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल, पण बाजूने पाहिल्यावर रंग उतरता कामा नये, असे आम्ही ठरवले. एवढे ठरल्यावर निम्मे काम हलके झाले.

ऑगस्टच्या मध्यावर मी दुकाने पाहू लागले, तेव्हा गणपतीच्या ऑफर सुरू झाल्या होत्या. एका दुकानात ४३ इंची फुल एचडी टीव्ही २२,४०० रुपयांना होता आणि आम्हाला तो आवडलाही होता, पण तो घेतला असता तर वरच्या खर्चाला पैसे उरले नसते. त्याच सुमारास, १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीत बदल होतील असे सांगितले होते. त्या वेळी ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या टीव्हीवर २८ टक्के कर होता. मोठ्या टीव्हीवरचा कर खाली येईल की नाही, याची खात्री कोणालाच नव्हती. दुकानदार म्हणत होते की किमती कमी झाल्या तरी ऑफर निघून जाईल. सणाच्या दिवसांत घरात टीव्ही नाही, सासूबाई मोबाइलच्या लहानशा पडद्यावर कीर्तन ऐकत बसल्या आहेत, हे पाहताना माझा जीव कासावीस होत असे. तरीही आम्ही थांबलो. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय जाहीर झाला आणि ३२ इंचांवरील टीव्हीचा कर २२ सप्टेंबरपासून १८ टक्क्यांवर आला. मी लगेच वही काढली. २२,४०० रुपयांतील करपूर्व किंमत १७,५०० रुपये होत होती, आणि त्यावर १८ टक्के धरले की रक्कम २०,६५० येत होती. हा आकडा कागदावर लिहून पाकिटात ठेवला, म्हणजे दुकानात बोलताना गोंधळ होणार नाही. ज्यांना ३२ इंचीच टीव्ही घ्यायचा होता, त्यांच्यासाठी या निर्णयाने काहीच बदलले नव्हते, कारण तो कर आधीपासूनच १८ टक्के होता. काही दुकानांत मात्र ‘जीएसटी कपात’ अशी पाटी त्या टीव्हींवरही लावलेली दिसली.

मिळालेल्या या तीन आठवड्यांत टीव्ही प्रत्यक्ष पारखण्याचे काम शांतपणे करता आले, आणि मला वाटते की सर्व प्रक्रियेत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. दुकानात टीव्ही ‘स्टोअर मोड’मध्ये लावलेले असतात. त्या मोडमध्ये उजेड आणि रंग कमाल पातळीवर असतात, आणि कंपनीने खास तयार केलेली फुलांची, माशांची, बर्फाळ डोंगरांची दृश्ये फिरत असतात. त्या दृश्यांवर कोणताही टीव्ही सुंदरच दिसतो. आपल्या घरी मात्र केबलवरच्या बातम्या आणि मालिका दिसणार असतात. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी दोन विनंत्या केल्या. पहिली, चित्राचा मोड ‘स्टँडर्ड’ करा, आणि दुसरी, सेट टॉप बॉक्स जोडून साधी वाहिनी लावा. काही विक्रेत्यांनी टाळाटाळ केली. विश्रामबागेतील एका दुकानात मात्र कामाला असलेल्या मुलाने हसत बॉक्स जोडून दिला आणि म्हणाला, “बघा की वहिनी, घरी जे दिसणार ते इथंच बघून घ्या.”

साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे असते. ते फुल एचडी पडद्यावर पसरवताना टीव्हीला प्रत्येक ठिपक्यामागे पाच ठिपके भरावे लागतात आणि फोर के पडद्यावर वीस. हे भरण्याचे काम टीव्हीतील प्रोसेसर करतो. महाग टीव्हीत तो चांगला असतो. स्वस्त टीव्हीत तो दुबळा असेल तर निवेदिकेचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतो आणि अक्षरांभोवती पांढुरकी कड येते. शेजारी शेजारी लावलेल्या दोन टीव्हींवर मी हे पाहिले. फोर के टीव्ही अडीच हजारांनी महाग होता, पण साध्या वाहिनीवर फुल एचडी टीव्हीचे चित्र अधिक नितळ वाटत होते. सगळेच फोर के टीव्ही असे नसतात, त्यामुळे यावरून नियम काढू नये. आपण जे पाहतो तेच लावून पाहावे.

पुढच्या रविवारी सासूबाईंना सोबत नेले. दुकानातील फरश्या दोन फुटी होत्या, म्हणून टीव्हीपासून चार फरश्या मोजून तेथे स्टूल ठेवले आणि सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या लावायला सांगितल्या. पडद्याखालून सरकणारी पट्टी आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) मोठ्याने वाचू लागल्या. मग स्टूल घरच्या दिवाणाइतके बाजूला सरकवले. पहिल्या टीव्हीवर बाजूने पाहताच काळा रंग राखाडी झाला आणि चेहरे फिके पडले, तेव्हा त्या वाचता वाचता थांबल्या. दुसऱ्या, म्हणजे आधी २२,४०० रुपयांना पाहिलेल्या टीव्हीवर त्यांनी पट्टी अखेरपर्यंत वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हाच घे.” एलसीडी पॅनेलचे मुख्यतः दोन प्रकार असतात. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद मिळतो, तर आयपीएसमध्ये बाजूने पाहिल्यावरही रंग टिकतो. माहितीपत्रकात हा प्रकार बहुधा लिहिलेला नसतो, म्हणून बाजूला उभे राहून स्वतःच पाहणे हाच मार्ग आहे. ज्यांच्या घरी सगळे समोर बसतात आणि रात्री अंधारात पाहतात, त्यांना व्हीए पॅनेलच आवडेल.

‘एचडीआर’ (चित्रातील उजेड आणि अंधार अधिक खुलवणारे तंत्र) या चिन्हाकडे मी फारसे लक्ष दिले नाही. या किमतीतील टीव्ही एचडीआर संकेत स्वीकारतात, पण त्याचा परिणाम दिसण्यासाठी लागणारा उजेड त्यांच्या पडद्यात नसतो. आवाजाचेही तसेच आहे. २० किंवा ३० वॅट हा आकडा संवाद स्पष्ट ऐकू येतील याची हमी देत नाही, म्हणून आवाज मध्यम ठेवून बोलण्याचा कार्यक्रम ऐकावा. स्मार्ट टीव्हीत एक जीबी रॅम, म्हणजे ॲप चालवण्यासाठी लागणारी मेमरी, असेल तर काही महिन्यांनी तो रेंगाळू लागण्याची शक्यता असते, त्यामुळे शक्यतो दोन जीबीचा घ्यावा. ज्येष्ठांसाठी आणखी एक गोष्ट दुकानातच विचारावी : टीव्ही सुरू केल्यावर थेट सेट टॉप बॉक्सचे चित्र येते का, की प्रत्येक वेळी ॲपच्या पडद्यावरून एचडीएमआय (बॉक्सची वायर जोडलेली जागा) निवडावे लागते? अनेक टीव्हींत ‘शेवटचा इनपुट’ अशी सोय सेटिंगमध्ये असते. आईंना दुपारी घरी एकटे असताना टीव्ही लावता यावा, यासाठी ही सोय मला फोर केपेक्षा मोठी वाटली.

या काळात १३,००० रुपयांना ४३ इंची टीव्ही देणारे एक दुकानही भेटले. नाव अपरिचित होते, आणि मी बिलाबद्दल विचारले तेव्हा पक्के बिल हवे असेल तर किंमत वाढेल असे उत्तर मिळाले. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटी मागणे अवघड होते आणि पुढे तक्रारीलाही आधार राहत नाही, म्हणून तेथून मी निघाले. टीव्हीसाठी बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी बंधनकारक आहे. मागच्या स्टिकरवर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकून तपासता येतो. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचा पूर्ण पत्ता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक हे सर्व छापलेले असावे लागते. उत्पादनाचा महिना जरूर पाहावा, कारण दीड-दोन वर्षे पडून असलेला माल सणाच्या गर्दीत खपवला जातो.

हप्त्यांचाही विचार केला. दुकानातील फायनान्सच्या टेबलावर ‘नो कॉस्ट’, म्हणजे जादा खर्च नाही असे सांगणारी, योजना होती आणि त्यासाठी आधार, पॅन व बँक खात्यातून हप्ता कापण्याची मंजुरी मागत होते. मी कर्जाचे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागितले. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांत हे पत्रक ग्राहकाला देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे आणि त्यात सर्व शुल्कांसह कर्जाचा खरा वार्षिक खर्च लिहिलेला असतो. त्या पत्रकात प्रक्रिया शुल्क आणि मी न मागितलेला एक विमा धरून तेराशे रुपयांच्या आसपास रक्कम जास्त दिसत होती. विमा काढून टाकायला ते तयार झाले, पण भिशीचे पैसे हाताशी असल्यामुळे आम्ही रोखीनेच घ्यायचे ठरवले. ज्यांना हप्ते घ्यावेच लागतील, त्यांनी सही करण्याआधी हे पत्रक सावकाश वाचावे. मागे रांग असली तरी ते मागण्याचा आपला हक्क आहे.

ऑनलाइन हाच टीव्ही सुमारे सातशे रुपयांनी स्वस्त दिसत होता आणि विशिष्ट बँकेच्या कार्डावर आणखी सवलत होती, पण आमच्याकडे ते कार्ड नाही. निर्णय मात्र सेवेवरून झाला. कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करून मी सांगलीचा ४१६४१६ हा पिनकोड सांगितला आणि दुरुस्तीला माणूस कोठून येतो हे विचारले. आम्ही निवडलेल्या कंपनीचे सेवा केंद्र सांगलीतच होते. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस कोल्हापूरहून येणार होता. हा फोन खरेदीआधी प्रत्येकाने करावा, त्याला पैसे लागत नाहीत.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, दुपारी दुकानात गेले. खोक्यावर जुनी कमाल किंमत छापलेली होती, परंतु कर विक्रीच्या दिवसाच्या दराने लागतो, त्यामुळे बिल नव्या दराने होणे आवश्यक होते. बिलावर एचएसएन (वस्तूचा प्रकार सांगणारा क्रमांक) ८५२८, करपूर्व १७,५००, केंद्र आणि राज्य जीएसटी प्रत्येकी १,५७५ आणि एकूण २०,६५० असे आकडे होते. पाकिटातल्या कागदाशी ते तंतोतंत जुळले, तेव्हा फार समाधान वाटले. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये ५०० रुपयांना गेला. भंगारवाल्याकडे देण्यापेक्षा हे बरे, कारण इलेक्ट्रॉनिक कचरा योग्य ठिकाणी जाण्याची शक्यता वाढते. दोन वर्षांची वाढीव वॉरंटी २,४९९ रुपयांना देऊ केली होती. ती टीव्ही कंपनीची नव्हती, आणि विजेच्या चढउतारामुळे झालेले नुकसान तिच्या अटींत वगळलेले होते, म्हणून ती न घेता ४०० रुपयांचा चांगला स्पाइक गार्ड घेतला.

टीव्ही २५ सप्टेंबरला घरी आला आणि खोक्यातच राहिला. खोके कंपनीच्या माणसानेच उघडावे, नाहीतर आतला तडा आपल्या माथी येऊ शकतो. जोडणीची विनंती त्याच दिवशी नोंदवली, पण नवरात्रातील गर्दीमुळे तारीख पुढे पुढे जात राहिली. एकदा तर ‘ग्राहक घरी नाही’ असा संदेश आला, प्रत्यक्षात आई दिवसभर घरीच होत्या. मी तक्रार क्रमांक, तारीख आणि बोललेल्या व्यक्तीचे उत्तर वहीत लिहून ठेवले आणि पुन्हा फोन करून ते वाचून दाखवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही काढून ठेवला होता, परंतु त्याची गरज पडली नाही. १ ऑक्टोबरला, खंडेनवमीच्या सकाळी, माणूस आला. मोबाइलवर आलेला ‘हॅपी कोड’ त्याने काम करण्याआधीच मागितला. तो काम पूर्ण झाल्याची पावती असतो, म्हणून टीव्ही चालू होऊन आम्ही सगळे पाहिल्यावरच तो दिला. खोके, टीव्ही आणि बिल या तिन्हींवरचा सिरियल नंबर जुळवला, आणि पेनड्राइव्हवर मुलाने तयार करून ठेवलेली पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी आणि निळी चित्रे लावून एखादा ठिपका मेलेला नाही ना ते पाहिले. ब्रॅकेटचे ४५० रुपये लागले. बसल्यावर नजर पडद्याच्या मध्यावर येईल एवढ्या उंचीवर तो लावला.

आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आले होते. त्यामुळे टीव्ही ब्रॅकेटवरून कसा उचलायचा हे मी त्या माणसाकडून दोनदा करून घेतले, आणि वायरी भिंतीत न गाडता बाहेरूनच ठेवल्या, म्हणजे कृष्णेचे पाणी वाढू लागताच तो वरच्या मजल्यावर नेता येईल. नदीकाठच्या घरांनी हा विचार जोडणीच्या वेळीच करावा.

पहिल्यांदा चालू करताना टीव्ही ‘होम’ की ‘स्टोअर’ असे विचारतो, तेथे ‘होम’ निवडावे. नंतर शार्पनेस बराच कमी केला, तेव्हा साध्या वाहिनीवरची खरखर मऊ झाली. जुना बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीचा होता. केबलवाल्या दादांनी तो परत घेऊन ९०० रुपयांत एचडीएमआयचा दिला. टीव्ही, ब्रॅकेट, स्पाइक गार्ड आणि बॉक्स मिळून २२,४०० रुपये झाले, त्यातून एक्स्चेंजचे ५०० वजा जाता २१,९००. टीव्ही सुमारे ८० वॅटचा आहे, म्हणजे रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट वीज लागेल. बिलाचा फोटो, वॉरंटी कार्ड आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो यजमानांच्या आणि माझ्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवला आहे. पॅनेलची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून दोन वर्षांची आहे, म्हणून सप्टेंबर २०२७ च्या पहिल्या तारखेची आठवण आताच लावून ठेवली आहे, म्हणजे मुदत संपण्याआधी पडदा एकदा नीट तपासता येईल.